पाठीवरचं छप्पर

माझ्या आयुष्यातला पहिला तंबू डोंगरावर नाही, लातुरात आमच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत उभा राहिला. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, विसर्जन आटोपून माणसं उशिरा झोपलेली, आणि पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. आमचं घर पडलं नाही. भिंतीला दोन तिरक्या भेगा गेल्या, फडताळातली भांडी खाली आली, तेवढंच. चाळीसेक किलोमीटरवर किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं मात्र भुईसपाट झाली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक माळवदाखाली गेली. चिखलात रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती, वर लाकडाचे सर, त्यावर मातीचा जाड थर, अशी आमच्याकडची घरं. पावसाळ्यात गळू नये म्हणून दर साली वर थोडी माती पडायचीच, म्हणजे डोक्यावरचं ओझं पिढ्यान्‌पिढ्या वाढतच गेलेलं. उन्हाळ्यात ज्या छपराखाली गार वाटायचं, तेच छप्पर त्या पहाटे खाली आलं.

मी तेव्हा पंधरा वर्षांची. पुढे कितीतरी रात्री आमच्या गल्लीत कोणी घरात झोपायला तयार नव्हतं. बाबा एका आडत दुकानात मुनीम होते. त्यांनी पोती झाकायची एक जाड ताडपत्री आणली, चार बांबू रोवले आणि वर ती टाकली. दुसऱ्याच दिवशी पाऊस आला. बाबांनी खुरप्यानं चहूबाजूंनी चर खणला, पाणी वळवलं. तरी पहाटे अंगावर थेंब पडायला लागले. आई म्हणाली, ताडपत्री फाटली वाटतं. बॅटरी लावून पाहिलं तर कुठे भोक नव्हतं. आतल्या बाजूला हात फिरवला तर सगळी ताडपत्री घामेजलेली. आम्ही पाच माणसं रात्रभर जो श्वास सोडत होतो, त्याचंच पाणी होऊन ते आमच्यावर गळत होतं. पुढच्या तीस वर्षांत मी तंबूंबद्दल जे शिकले, त्याचा पहिला धडा तो. बाहेरचं पाणी अडवणं सोपं आहे. आतलं पाणी बाहेर कसं जाणार, हे बघून तंबू घ्यायचा असतो.

हे सगळं आता लिहायला बसले, कारण नांदेड-लातूरकडची पोरंपोरी हल्ली फोन करून विचारतात, ‘मॅडम, आम्ही चौघं आहोत, कोणता टेंट घेऊ?’ एका वाक्यात उत्तर देता येत नाही. आमच्या सहा जणांच्या गटानं पंचवीस वर्षांत जे जे पाठीवर वाहिलं, ते सांगितलं तरच ते उत्तर कळेल.

गट जमला १९९८ मध्ये, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात शिकत असताना. चार मुलगे, दोघी मुली. सह्याद्री आमच्यापासून एका रात्रीच्या रेल्वे प्रवासावर. पुण्या-मुंबईची मुलं शनिवारी निघून रविवारी रात्री घरी येतात. आम्हाला एका किल्ल्यासाठी तीन-चार दिवस लागायचे, म्हणून मुक्काम टळायचा नाही आणि म्हणून तंबूही टळायचा नाही. पहिल्या वेळी एका शाळेतून स्काउटचा खाकी तंबू मागून आणला. सुती कॅनव्हास, दोन टोकांना दोन खांब, मध्ये आडवा बांबू. मोंढ्यातल्या काट्यावर वजन केलं तर सोळा किलो भरला. दोघांनी आळीपाळीनं वाहायचा असं ठरलं. नाशिकरोडला उतरून घोटी, तिथून बारी, आणि मग १६४६ मीटरचं कळसूबाई. पायथ्याशीच रात्र काढली आणि रात्री पाऊस लागला.

त्या कॅनव्हासला मी नावं ठेवणार नाही. सुती धागा भिजला की फुगतो, विणीतली छिद्रं आपोआप बुजतात आणि कापड पाणी धरून ठेवतं. ते श्वासही घेतं, त्यामुळे आत दव धरत नाही. फक्त आतून बोट लावायचं नाही. लावलं की त्या जागेवरून पाण्याची धार चालू होते. सहा जणांत कोणाचं तरी डोकं लागणारच, लागलंच. पण खरी गंमत सकाळी कळली. भिजलेला तंबू गुंडाळला तर तो एकट्याला उचलेना. काटा नव्हता, पण पंचवीस किलोच्या खाली तो नक्की नव्हता. तंबू खाली गावातल्या एका घरी ठेवला, शिखर करून आलो आणि परतीला स्टेशनपर्यंत दोघांनी काठीला लटकावून आणला. तेव्हापासून मी तंबूचं वजन विचारते तेव्हा दोन आकडे विचारते. कोरड्याचं किती, ओल्याचं किती?

नंतर आले घुमटाकार तंबू. दोन बारीक कांब्या एकमेकींवरून फुलीसारख्या वाकवायच्या, त्यांच्या ताणावर कापड उभं राहायचं. ही कल्पना फार जुनी नाही. बकमिन्स्टर फुलरच्या घुमटांवरून स्फूर्ती घेऊन अमेरिकेतल्या नॉर्थ फेस कंपनीनं १९७५ मध्ये कांब्यांच्या ताणावर उभा राहणारा घुमटाकार तंबू बाजारात आणला, आणि खांब व आडवा बांबू दोन्ही गेले. आमच्यापर्यंत त्याची स्वस्त नक्कल पोचायला २००२ साल उजाडलं. हैदराबादेत एका दुकानात ‘सहा माणसांचा’ म्हणून लिहिलेला निळा तंबू मिळाला. साडेचार किलो! सोळा किलो वाहिलेल्यांना ते पिसासारखं वाटलं.

त्या तंबूनं आम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं, म्हणून त्याच्यावर जरा रेंगाळते. ‘सहा माणसांचा’ म्हणजे सहा चटया एकमेकींना चिकटून मावतात एवढाच त्याचा अर्थ. सॅक कुठे ठेवायच्या, ओले बूट कुठे काढायचे, रात्री एकाला बाहेर जायचं असेल तर कोणाच्या पोटावर पाय देऊन जायचं, हे त्यात धरलेलं नसतं. तंबूवर जो आकडा लिहिलेला असतो त्यातून एक वजा करायचा, हा आमचा नियम तिथून सुरू झाला. दुसरं म्हणजे कापड एकेरी होतं. वर थोडी जाळी, त्यावर टोपीएवढा तुकडा. लातूरची ताडपत्री पुन्हा आठवली. पहाटे सहा जणांच्या श्वासाचं पाणी भिंतीवरून ओघळून पायाशी साचलं. तिसरी गोष्ट कांब्यांची. त्या फायबरग्लासच्या होत्या.

ऑगस्टमधला हरिश्चंद्रगड. देवळापासून थोडं वरच्या अंगाला आम्ही तो निळा घुमट लावला होता. कोकणकड्याकडून वारा वर चढायला लागला आणि मध्यरात्री काडकन आवाज होऊन छत आमच्या तोंडावर आलं. कांबी मधोमध फुटून तिच्या चिरफळ्या झाल्या होत्या, आणि त्या चिरफळ्यांनी वरचं कापड वीतभर फाडलं. अंधारात कापड नाकातोंडावर आलं तेव्हा मला जे वाटलं ते तंबूपुरतं नव्हतं. अंगाला ते किल्लारीचे दिवस आठवले. पण ते कापडच होतं. हातानं बाजूला सारलं आणि आम्ही सहाही जण बाहेर आलो, भिजलो, हसलो. मग एकानं आपली छत्री काढली. जुनी, काळी, लोखंडी नळीच्या दांड्याची. त्या नळीचा विताएवढा तुकडा दगडावर ठेचून तोडला, फुटलेल्या कांबीची दोन्ही टोकं त्यात दोन बाजूंनी सरकवली आणि वरून चिकटपट्टी गुंडाळली. कांबी पहाटेपर्यंत टिकली. आज चांगल्या तंबूबरोबर अशी नळी येतेच, आणि मी ती सॅकमध्ये आहे की नाही हे दर वेळी चाचपून बघते. आली नसेल तर कांबीवरून सैलसर जाणारी बोटभर लांबीची अ‍ॅल्युमिनियमची नळी कोणीही कापून देतं.

परत आल्यावर भांडण झालं. खरंखुरं, तासभर चाललेलं. तिघांचं म्हणणं, आता चांगला, मजबूत असा सहा जणांचा मोठाच तंबू घेऊ. सगळे एकत्र असले की बरं असतं. माझं म्हणणं, दोन-दोन जणांचे तीन घेऊ. हिशेबानं मोठा तंबू माणसामागे थोडा हलका पडतो हे खरं. पण मोठ्या तंबूला मोठी सपाट जागा लागते आणि गडाच्या माचीवर किंवा बालाघाटच्या उतारावर तेवढी सलग जागा सापडतेच कुठे? दोघांचा तंबू एखाद्या पायरीएवढ्या जागेतही बसतो. मोठ्याची एक कांबी मोडली तर सहाही जण उघड्यावर येतात. तिघांतला एक मोडला तर त्यातले दोघं उरलेल्या दोहोंत कसेबसे शिरतात. मोठा घुमट वाऱ्याला जास्त छाती देतो. आणि एका माणसानं घरून येणं ऐन वेळी रद्द केलं तरी मोठा तंबू तेवढाच वाहावा लागतो.

पण मी हे सगळं बोलत असताना आमच्या गटातली दुसरी मुलगी एकच वाक्य बोलली आणि भांडण संपलं. ‘मुलींचा तंबू वेगळा आहे असं सांगता आलं तर माझ्या धाकट्या बहिणीला आणि तिच्या दोन मैत्रिणींना घरून सोडतील.’ त्या काळात आमच्या गावांत हा प्रश्न मोठा होता, आजही अगदीच संपलेला नाही. तीन लहान तंबू आले आणि पुढच्या दोन वर्षांत आमच्याबरोबर येणाऱ्या मुली दोनाच्या सात झाल्या. तंबू निवडताना वजन, कापड, किंमत सगळं बघावं, पण त्यात कोण झोपणार आहे आणि त्यांना घरून काय उत्तर द्यावं लागणार आहे, हे आधी बघावं. पुढे २०१४ मध्ये आमच्या शेजारच्या निजामाबाद जिल्ह्यातली मालावत पूर्णा तेराव्या वर्षी एव्हरेस्टवर गेली, तेव्हा मुलींच्या आईबापांशी बोलताना मला एक नाव मिळालं. ‘सीमेपलीकडची पोरगी आहे, आपल्यासारख्याच घरातली,’ एवढं सांगितलं की पुढचं बोलणं सोपं व्हायचं.

ऑक्टोबर २००८ मध्ये नांदेड शहरच तंबूंचं झालं होतं. गुरू ग्रंथसाहिबांच्या गुरुतागद्दीला तीनशे वर्षं झाली, त्या सोहळ्यासाठी सचखंड हुजूर साहिबला देशभरातून, परदेशांतून लाखो भाविक आले. त्यांच्या मुक्कामासाठी मोठमोठे तंबू लागले. मी लंगरच्या सेवेला जायची, आणि फावल्या वेळात तंबू लावणाऱ्या कामगारांजवळ उभी राहायची. ते मेखा सरळ ठोकत नसत. मेखेचं डोकं तंबूपासून लांब झुकलेलं असायचं, म्हणजे तणावा ओढ घेतो तेव्हा मेख जमिनीत आणखी रुतते. आमच्यातल्या निम्म्या जणांनी दहा वर्षं मेखा सरळ ठोकल्या होत्या.

मेखांचा विषय निघालाच आहे तर आमच्या मातीचं सांगायला हवं, कारण ते तंबूबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकात नसतं. मराठवाड्यातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यात बारीक तारेची मेख ठोकली की ती नुसती डुगडुगते. हीच माती पावसाळ्यात लोण्यासारखी होते आणि गोल मेख अलगद बाहेर येते. इथे रुंद, तीन पात्यांच्या लांब मेखा लागतात. मुरमाड माळावर मात्र साध्या मेखाही पक्क्या बसतात, म्हणून मी शेतापेक्षा माळ पसंत करते. सह्याद्रीत वर गेलं की कातळ, तिथे मेख जातच नाही. म्हणजे आपल्याकडे असा तंबू हवा, जो मेखांशिवाय स्वतःच्या कांब्यांवर उभा राहील आणि मेखा मिळाल्या तर आणखी घट्ट होईल.

म्हणूनच हल्ली चालण्याच्या काठ्यांवर उभे राहणारे जे अतिशय हलके तंबू आले आहेत, ते मी नव्या गटाला सुचवत नाही. त्यांची कल्पना सुरेख आहे आणि चांगली जुनी आहे. आल्प्समधला गिर्यारोहक आल्बर्ट ममरी, जो १८९५ मध्ये नंगा पर्बतावर बेपत्ता झाला, तो आपल्या छोट्या तंबूला खांब म्हणून बर्फातल्या कुऱ्हाडीच वापरायचा. जी वस्तू हातात आहेच तिच्यावर छप्पर तोलायचं. पण असा तंबू पूर्णपणे मेखांच्या ओढीवर उभा असतो. कातळावर दगडांना तणावे बांधत बसावं लागतं आणि वारा फिरला की सगळं पुन्हा. सराव असेल त्यानं जरूर वापरावा.

त्याहून हलका उपाय म्हणजे नुसतं वरचं कापड, खाली तळच नाही. परदेशातले हलकं चालणारे लोक ते आनंदानं वापरतात. आपल्याकडे मी त्याला ठाम नाही म्हणते, आणि याबाबतीत मला कोणाचं ऐकायचं नाही. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंगाशी येते, आणि तिचा दंश कित्येकदा झोपेत कळतही नाही. विंचवांचं तर सांगायलाच नको. भिंतीला शिवलेला तळ आणि पूर्ण बंद होणारी चेन, ही तीनचारशे ग्रॅमची भर आपल्या भागात चैन नाही. ती चेन संध्याकाळपासून बंदच ठेवायची. आत झोपायला जाईपर्यंत उघडी टाकलेली चेन काय कामाची?

अ‍ॅल्युमिनियमच्या कांब्यांचे, दुहेरी कापडाचे तंबू आमच्याकडे २०१२-१३ पासून आले. पुण्याला, हैदराबादला खेळसाहित्याची मोठी दुकानं झाली, मग घरपोच मागवता यायला लागलं. आत जाळीची खोली, वर वेगळं पावसाळी कापड, दोहोंच्या मध्ये चार बोटं हवा. श्वासाची वाफ जाळीतून वर जाते, वरच्या कापडाला लागून त्याचं पाणी होतं आणि ते जाळीच्या बाहेरूनच खाली उतरतं. लातूरला ताडपत्रीखाली आई ज्यासाठी रात्रभर फडकं घेऊन बसायची, ते काम एक जाळी करते. तरी जाळीनं सगळं होत नाही. कंधारला जगत्तुंग समुद्र नावाच्या तलावाच्या काठावर डिसेंबरमध्ये आम्ही अगदी पाण्यालगत तंबू लावले, सकाळी झोपायच्या पिशव्या ओल्या. पुढच्या वेळी तिथूनच दोनशे पावलं वर, उंचवट्यावर लावले, कोरडे राहिलो. थंड, दमट हवा खोलगटात साचते. महागडा तंबू घेतला तरी जागा निवडायचं काम आपलंच राहतं.

पाणी किती अडवेल ते मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं. २००० मिलिमीटर म्हणजे त्या कापडावर दोन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी पलीकडे येत नाही. वरच्या कापडाला आपल्या पावसात एवढं पुरतं. तळाला त्याहून जास्त हवं, कारण आपण गुडघे टेकतो, कोपर टेकतो, तो सगळा भार एका जागी येतो. शिवणींवरून आतून पट्टी मारलेली आहे का हे बोटानं चाचपून बघावं. कोरं कापड सहसा गळत नाही, गळते ती शिवण. आणि तंबू विकत घेतला की आधी गच्चीवर लावून पाइपानं अर्धा तास पाणी मारावं. आमच्या गटात हा रिवाज आहे. एकदा अशाच पाण्यात एका कोऱ्या तंबूची शिवण गळली आणि तो दुकानानं बदलून दिला. तेच डोंगरावर कळलं असतं तर?

वजनाचं महत्त्व मला सगळ्यात जास्त कळलं ते पावसात नाही, दुष्काळात. २०१५ चा पावसाळा कोरडा गेला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते सगळ्या देशानं पाहिलं. त्याआधी फेब्रुवारीत आम्ही माहूरकडे गेलो होतो. रेणुकामाता, दत्तशिखर, अनसूया करून वनखात्याला विचारून पुढे दोन दिवस चालायचा बेत. ज्या ओढ्यांवर भरवसा होता ते ठणठणीत. माणशी सहा-सहा लिटर पाणी पाठीवर घ्यावं लागलं, म्हणजे सहा किलो. एका मुक्कामाला मी सॅक उपसून सगळ्यांसमोर मांडली आणि आम्ही एकेक वस्तू हातात घेऊन एकच प्रश्न विचारत गेलो, हिच्याऐवजी किती पाणी आलं असतं? जुन्या तंबूत आणि नव्यात माणसामागे एक किलोचा फरक होता. एक किलो म्हणजे एक लिटर, एका माणसाची दुपार. हलका तंबू म्हणजे हौशी लोकांचे लाड, असं मानणारे आमच्यातले दोघं त्या दिवसापासून गप्प झाले. मराठवाड्यात हलकं चालायचं ते वेगासाठी नाही, पाण्यासाठी.

तिथूनच आमचा आकडा ठरला. माणसामागे तंबूचं वजन सव्वा किलोच्या वर जाऊ द्यायचं नाही. दोघांचा दुहेरी कापडाचा, अ‍ॅल्युमिनियम कांब्यांचा बरा तंबू दोन-अडीच किलोत मिळतो, तेवढा पुरे. एकानं कापड घ्यायचं, दुसऱ्यानं कांब्या आणि मेखा. बाजारात याहून कितीतरी हलके आहेत. जहाजांच्या शिडांसाठी विकसित झालेल्या डायनीमाच्या कापडाचा दोघांचा तंबू एका किलोच्याही आत असतो, आणि किंमत अर्ध्या लाखाच्या घरात जाते. नोकरीला नुकत्याच लागलेल्या पोरांनी त्याच्यामागे लागू नये. त्या पैशात चौघांचे दोन चांगले तंबू, चटया आणि दोन वर्षांचा रेल्वेखर्च निघतो. पाच जण असतील तर तिघांचा एक आणि दोघांचा एक घ्यावा. तिघांचे दोन नकोत, रिकामी जागा वाहायची कशाला? आणि कडेला झोपणारा नेहमी तोच एक असू नये, दर रात्री जागा बदलाव्यात. आमच्यात एक मुलगा तीन वर्षं कडेला झोपला, त्याच्या बाजूनं तंबू ओला व्हायचा, आणि त्यानं ते कधी सांगितलं नाही. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

तंबूकडून काय होणार नाही, तेही स्वच्छ सांगायला हवं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली, उभी पिकं आडवी झाली, जनावरं मेली. त्या गारांपुढे कुठलंही कापड टिकणार नव्हतं. आमच्याकडे वळवाच्या पावसात विजा पडून दर वर्षी माणसं जातात. माळावर, एकट्या झाडाखाली, धातूच्या कांब्यांच्या तंबूत वीज चमकताना बसून राहणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. आभाळ काळं झालं की तंबू सोडायचा, गावात जायचं, देवळात, शाळेत, कोणाच्या ओसरीवर. आमच्याकडे अजून कोणी नाही म्हणत नाही.

आणि निगा. २००४ चा आमचा एक तंबू मी ओला गुंडाळून लोखंडी पेटीत ठेवला आणि परीक्षेच्या गडबडीत विसरले. चार महिन्यांनी उघडला तर आतला लेप चिकट झालेला, उलटीसारखा वास, घडी उलगडताना कापडाची सालपटं निघाली. पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा लेप ओलाव्यात असाच सडतो. आता घरी आल्यावर हातपाय धुवायच्या आधी तंबू गच्चीवर जातो. तोही सावलीत, कारण आपलं मे महिन्याचं ऊन नायलॉनला पावसाहून लवकर खातं.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही तिघी माळेगावच्या यात्रेला गेलो. लोहा तालुक्यातली खंडोबाची मोठी यात्रा. घोडे, उंट, गाढवं, तमाशाचे भलेमोठे तंबू, आणि माळावर लांबच लांब भटक्या जमातींची पालं. गाढवावर लादून आणलेलं सगळं घर तासाभरात उभं राहतं. आम्ही कडेच्या शेतात, मालकाला विचारून, तिघींचा हिरवा तंबू लावला. शेजारच्या पालातली एक म्हातारी बराच वेळ बघत होती. शेवटी उठून आली, कापड दोन बोटांच्या चिमटीत धरून चोळलं, वाकून आत पाहिलं.

‘चूल कुठं मांडती माय ह्याच्यात?’

‘आत नाही मांडत मावशी. कापड पेट घेतं, आणि धुरानं गुदमरायला होतं. बाहेर मांडायची.’

‘आन्‌ थंडीचं?’

मी तिला पांघरायची पिशवी दाखवली. ती तिनं हातात तोलून पाहिली, पण तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. तिनं तोंड उत्तरेला केलं, नाकानं वारा घेतला आणि आमच्या तंबूच्या दाराकडे बोट दाखवलं. दार नेमकं उत्तरेला होतं. यात्रेचे दिवे दिसावेत म्हणून आम्हीच तसं लावलं होतं. तिच्या आणि आजूबाजूच्या सगळ्या पालांची पाठ उत्तरेला होती. तिनं नातीला हाक मारली. मी मेखा उपटल्या. म्हातारीनं एक कोपरा धरला, नातीनं दुसरा, आमच्यातल्या दोघींनी उरलेले दोन, आणि आतल्या चटया-पिशव्यांसकट अख्खा तंबू उचलून आम्ही गरकन दक्षिणेकडे फिरवला. इतका सहज उचलला गेला की नात मोठ्यानं हसली. म्हातारीनं दगड घेऊन चारही मेखा स्वतः ठोकल्या, डोकी बाहेर झुकवून.

रात्री दोनला वारं सुटलं. कापड मागून दाबलं गेलं, कांब्या थोड्या वाकल्या आणि तशाच राहिल्या. पलीकडच्या पालात कोणीतरी खोकलं, चुलीतलं लाकूड सारल्याचा आवाज आला.